मोराची पाटी आणि गोधडीवाली

डोंगराच्या पायथ्याशी एक पेठ होती आणि तिथं कुणाचा कुणावर काडीचाही विश्वास नव्हता. पूर्वी एक फिरता तेलवाला सोनेरी पाटी लावून टकलावर केस उगवणारं तेल विकून गेला होता. केस कसले उगवतायत! तेव्हापासून पाटी जितकी देखणी, तितके लोक तिच्याकडे डोळे बारीक करून बघायचे.

अशा पेठेत एक गोधडीवाली आली. लोकांची जुनी लुगडी-धोतरं घेऊन ती गोधड्या शिवून द्यायची. पेठेची रीत अशी, की दसऱ्याला मांडलेल्या दुकानाची पाडव्यापर्यंत बोहनी झाली नाही, तर जागा सोडायची. बाई एकटी होती. ही जागा गेली असती, तर तिला दुसरा आसरा नव्हता.

तिनं पेठेतल्या रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली. रंगाऱ्याचा हात देखणा, पण पद्धत अजब. आधी वेलबुट्टी, मग मोर, आणि उरलेल्या जागेत मावतील ते शब्द! दुकानात विकतात काय, हे विचारायची त्याला कधी गरजच वाटली नव्हती. त्यानं झोकात लिहिलं, 'स्वर्गसुखाचा अनुभव! सर्व चिंतांपासून कायमची सुटका!'

झालं! पेठेत कुजबुज सुरू झाली. "कायमची सुटका? अगं बाई, विषबिष विकते की काय ही?" बायका मुलांचे हात घट्ट धरून पलीकडच्या कडेनं जाऊ लागल्या.

समोरच्या ओट्यावर एक शंकेखोर म्हातारा रोज पाळत ठेवून बसायचा. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याला राहवेना. तो दारात येऊन उभा राहिला.

"ए बाई, आत चालतं काय?"

"पाटीवर लिहिलंय की, आजोबा."

"पाटी वाचूनच तर विचारतोय!"

"गोधड्या शिवते हो मी."

"कापड कुणाचं? मेल्या माणसांचं?"

"तुमचंच. तुमच्यासमोर धुते."

"आणि चांगलं कापड मधल्या मध्ये गायब करत असशील!"

"उरलेली चिंधीसुद्धा परत देते."

म्हातारा "हं" म्हणून निघून गेला. बाई मात्र तशीच रंगाऱ्याकडे धावली आणि झालेलं बोलणं तिनं त्याला सांगितलं. "दादा, आत्ता आजोबांना जे सांगितलं, तेच पाटीवर लिहा."

रंगारी वैतागला. "ताई, असं का कुणी लिहितं? आणि एवढे शब्द घातले तर मोर कुठं बसवू?"

"उडू द्या मोर."

तोंड वाकडं करत त्यानं लिहिलं, 'इथे गोधड्या शिवून मिळतात. तुमचं जुनं कापड आणा. तुमच्यासमोर धुऊन शिवू. उरलेलं परत देऊ. वेळ लागतो.'

पाडव्याला सकाळीच म्हातारा हजर. काखेत त्याच्या गेलेल्या बायकोचं लुगडं आणि स्वतःचं धोतर. लुगड्याच्या काठाला त्यानं गुपचूप एक गाठ मारली होती. कापड बदललं तर पकडायची हिला!

"लुगडं वर दिसायला हवं," तो म्हणाला.

बाईनं लुगडं उजेडात धरलं. 'हो' म्हटलं की बोहनी होणार होती, जागा राहणार होती. पण लुगडं पार विरलं होतं.

"आजोबा, हे वर लावलं तर पहिल्याच धुण्यात फाटेल. आत घालते, म्हणजे टिकेल. वर धोतर लावते. पण मग गोधडी दिसायला साधीच होईल."

म्हाताऱ्यानं कनवटीला हात घातला. "स्वतःच्या मालाची खोट सांगणारी तू पहिलीच," तो म्हणाला, आणि बोहनीचं नाणं तिच्या हातावर ठेवलं. बाईला रडूच कोसळलं.

गोधडी तयार होऊन घरी आली. पण शंकेखोर तो शंकेखोरच! अंथरुणावर बसून त्यानं ती कडेकडेनं चाचपली. एका जागी आतली गाठ बोटाला लागली. मग ती गोधडी डोक्यावरून ओढून तो शांत झोपला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "जा, पाटी वाच. लिहिलंय तसंच आहे." आणि रंगारी? आता तो रंग कालवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारतो, "आधी सांगा, तुम्ही विकता काय?"

तर मुलांनो आणि दुकानदारांनो, यातलं तात्पर्य असं: लोकांच्या मनातली शंका आधी ऐका आणि तिचं खरं उत्तर सोप्या शब्दांत पाटीवर लिहा, मोर नंतर काढता येतो.