राजाची मोठी अक्षरं

फिरंग्यांच्या लिपीत मोठी आणि लहान अशी दोन जातींची अक्षरं असतात, हे कुणीतरी रायाजीराजांच्या कानात सांगितलं आणि सगळा घोळ झाला.

कावेरीकाठचं त्यांचं मराठी संस्थान तळहाताएवढं, पण तोरा आभाळाएवढा. युवराजांच्या लग्नात त्यांना पुद्दुचेरीच्या फ्रेंच गव्हर्नरचा पलटणी बाजा हवा होता. पत्र लिहायचं काम आलं माहुताच्या मुलीवर, अंबूवर, कारण पुद्दुचेरीत एका फ्रेंच व्यापाऱ्याची मुलं सांभाळता सांभाळता ती त्यांची भाषा लिहाय-वाचायला शिकली होती. राजांनी फर्मावलं, आमच्या नावाचं आणि बिरुदांचं प्रत्येक अक्षर मोठं हवं, गव्हर्नरच्या नावाचं प्रत्येक अक्षर लहान. शिवाय ते वाचून त्याने खूश होऊन बाजा पाठवला पाहिजे. नाही पाठवला, तर अंबूच्या बापाने हत्तीवरून उतरावं आणि दुसरं गाव बघावं.

बाप रडकुंडीला आला. तो हत्ती त्याने पिल्लू असल्यापासून वाढवला होता. अंबू म्हणाली, "अप्पा, उद्या महाराज देवीला निघतील ना? मग मी सांगते तसं करा, आणि कुणी विचारलं तर महाराजांची आज्ञा म्हणा."

दुसऱ्या दिवशी राजे अंबारीत चढतात तर काय, हुक्केवाला, छत्रवाला आणि न्हावी आधीच ऐसपैस बसलेले. मागच्या हत्तीवर भालदार-चोपदार दाटीवाटीने. लवाजम्यात पायी चालणारं चिटपाखरू नाही. वाटेत शेळ्या आडव्या आल्या, पण हाकलायला माणूस नाही. त्यात न्हावी अंगाने भरदार, त्यामुळे निम्म्या गावाने मुजरा त्यालाच केला. त्यानेही तो मान हलवून स्वीकारला.

"याला इथं कुणी बसवला?" राजे कडाडले.

रस्त्याकडेच्या गर्दीतून अंबू हात जोडून पुढे आली. "मी, महाराज. आपल्याबरोबरचं कुणीच लहान राहू नये, अशी आज्ञा होती. कागदावर करण्याआधी रस्त्यावर करून पाहिलं."

"अगं, सगळेच वर बसले तर राजा ओळखायचा कसा?"

"तेच म्हणते मी. फिरंगी पहिलं अक्षर मोठं काढतात, ते अंबारीतलं. मागची लहान, ती पायी चालणारी. सगळीच मोठी काढली, तर आपल्या नावाला चाकरच उरत नाहीत."

राजांनी मिशी कुरवाळली. "बरं. पण गव्हर्नरचं लहानच काढ."

"काढते की. पण लग्नात त्याचीच माणसं आपल्याला सलामी देणार. क्षुल्लक माणसाच्या सलामीने आपला मान केवढा वाढेल, तेवढं सांगा!"

राजे असे हसत सुटले की अंबारी डुलायला लागली. पत्र अंबूच्या मनासारखं गेलं, बाजा वाजतगाजत आला, हत्ती माहुताकडेच राहिला आणि अंबूला दरबारी दुभाष्याची गादी मिळाली. न्हाव्याला खाली उतरवायला मात्र शिडी आणि बऱ्याच विनवण्या लागल्या.

फिरंग्यांच्या लिपीत न्हाव्याच्याही नावाचं पहिलं अक्षर मोठंच असतं, हे अंबूने राजांना कधीच सांगितलं नाही.