खिशातल्या पिस्तुलाबाबतचा अर्ज

विषय : जुने पिस्तूल भरून खिशात बाळगण्याबाबत.
संदर्भ : तपकिरीच्या डबीचा अर्ज.

उपरोक्त प्रकरण संस्थानी काळातले आहे. हैबतराव सरदार आपल्या आजोबांचे चिमुकले पिस्तूल कोटाच्या खालच्या खिशात भरून ठेवत. त्याचा घोडा थेट काडतुसावर टेकलेला असे. वरच्या खिशातल्या तपकिरीच्या डबीने कोटाकडे अर्ज केला, "पिस्तुलातले काडतूस काढून ठेवावे. पिस्तूल खाली पडले तर आपोआप उडेल आणि माझा जीव जाईल."

पिस्तूल भडकले. "डबीबाई, तीन पिढ्यांत मी हुकमाशिवाय उडालेलो नाही!"

"तीन पिढ्यांत तुम्ही पडलाही नाहीत, पिस्तूलराव. उद्या दरबारात सरदार तीनदा वाकून मुजरा करणार आहेत."

"म्हणून मी रिकाम्या पोटी दरबारात जाऊ? घराण्याची काही अब्रू आहे की नाही?"

कोटाने अर्जावर शेरा मारला, "पिस्तूल पूर्वी पडल्याचा दाखला जोडावा."

दुसऱ्या मुजऱ्याला पिस्तूल निसटले, फरशीवर घोड्याच्या बाजूने आपटले आणि उडाले. गोळी वर आली. सरदारांचा कान वाचला, डबी वाचली नाही. सारा दरबार बराच वेळ शिंकत होता.

सरदारांनी पिस्तूल उचलून पुसले, नवे काडतूस भरले आणि खिशात ठेवले. तिसरा मुजरा अजून बाकी होता.

दाखला म्हणून कोटाला पडलेले भोक उपलब्ध आहे. मात्र दाखला अर्जदाराने स्वतः जोडायचा असल्याने अर्ज अद्याप प्रलंबित आहे.