चिमाबाईच्या टोपलीचं बूड

करंजगडच्या राजाला लेकीच्या सासरी जायचं होतं आणि त्याचा पाय निघत नव्हता. कारण होतं सुभेदार. सुभेदार म्हणजे राजाचं लाडकं मुंगूस. व्याह्यांनी हौसेनं कोंबड्या पाळल्या होत्या, त्यामुळे त्याला बरोबर नेणं म्हणजे सोयरीक मोडायची तयारी. मागे ठेवावं तर सांभाळणार कोण? राजाचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. शेवटी त्यानं दवंडी पिटवली, की जो माझ्या कसोटीला उतरेल त्याच्या हाती सुभेदार, आणि वर तो मागेल ते बक्षीस.

दवंडी ऐकून चिमाबाई बुरडीण लगबगीनं उठली. तिला मुंगसाचं फारसं प्रेम नव्हतं. तिला हवं होतं बांबूचं बेट. सुभेदार त्या बेटात खेळतो म्हणून राजानं तिथं कोयता लावायला बंदी केली होती आणि बुरूडआळीतले हात रिकामे बसले होते. बंदी आल्यावर चिमाबाई शेजारणीला म्हणाली होती, "माझं एकवेळ ठीक हाय गं. मी टोपल्या विणत न्हाई म्हटल्यावर गावाचं भलंच झालं. पन तुमचं काय?"

तिच्या टोपल्यांची ख्यातीच तशी होती. कडा सुरेख, झाकण फक्कड, पण बूड कधी टिकायचं नाही. वरून कांदे भरावेत आणि घरी पोचेपर्यंत ते वाटेत पेरले जावेत. लोक चेष्टा करायचे आणि चिमाबाई त्यांच्याहून जोरात हसायची.

राजवाड्यात बरीच मंडळी जमली होती. सर्वांत पुढे कारभाऱ्यांचे मेहुणे विसाजीपंत. राजानं प्रत्येकाला एकेक टोपली दिली. आत मुदपाकखान्यातल्या मांजरींचं एकेक पिल्लू, वर झाकण दोरीनं बांधलेलं आणि गाठीवर लाखेची मोहोर. उद्या संध्याकाळी टोपली परत आणायची, राजानं बजावलं. झाकणाला हात लावायचा नाही, मोहोर मोडायची नाही, पिल्लू मात्र पोटभर जेवलेलं आणि खुशीत दिसलं पाहिजे.

एवढ्या घट्ट विणीतून मुंगीसुद्धा जाणार नाही, मग दूध कसं जाणार? मंडळी एकमेकांकडे बघत घरी गेली.

चिमाबाईनं टोपली अंगणात ठेवली आणि डोक्याला हात लावला. आत पिल्लू केविलवाणं ओरडत होतं. तिला बेट आठवत होतं आणि पिल्लाचं ओरडणं ऐकवत नव्हतं. मोहोर मोडावी तर आळीचं पोट जातं, न मोडावी तर या जिवाचं. शेवटी तिनं टोपली मांडीवर घेतली, तेव्हा तिच्या गुडघ्याला काहीतरी बोचलं. पाहते तर टोपलीच्या बुडातून एक इवलासा पंजा बाहेर आला होता!

चिमाबाईनं टोपली उलटी करून नीट पाहिली आणि तिला हसू आवरेना. टोपली तिचीच होती. स्वस्तात मिळते म्हणून कारभाऱ्यांनीच कधीतरी वाड्यावर नेलेली. तिनं दोन-चार कामट्या बाजूला सारल्या, पिल्लू बाहेर काढलं आणि त्याला दूध पाजलं. मग पिल्लू तिच्या पदराशी खेळत राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं त्याला आत ठेवून बूड विणून टाकलं. जन्मात पहिल्यांदा तिनं बूड मन लावून विणलं.

संध्याकाळी टोपल्या उघडल्या. कुणाची मोहोर मोडलेली होती. एकानं झाकणावरून दूध ओतलं होतं, त्याचं पिल्लू भिजून फिसकारत होतं. विसाजीपंतांची मोहोर शाबूत होती, पण त्यांचं भुकेलं पिल्लू बाहेर येताच राजाच्या बोटाला चावलं. चिमाबाईची मोहोर शाबूत, आणि पिल्लू पोट टम्म फुगवून झोपलेलं.

दरबार चकित झाला. कुणी म्हणालं, बाईला सिद्धी आहे. राजानं विचारलं, "काय मंत्र घातलास?"

सिद्धी आहे म्हटलं असतं तर बेट हाती होतं. पण पोटात काही ठेवणं तिच्या टोपल्यांसारखंच चिमाबाईलाही कधी जमलं नव्हतं.

"मंत्र कसला, महाराज? टोपली मी विणलेली हाय. माझ्या टोपलीचं बूड टिकत न्हाई हे आख्ख्या गावाला ठावं. पिल्लानं पंजा काढला, मी कामट्या सारल्या."

विसाजीपंत उसळून म्हणाले, की ही शुद्ध लबाडी आहे, बूड उघडलं म्हणजे टोपली उघडलीच. राजाच्याही कपाळाला आठी पडली. "मग बाई, तुझ्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

चिमाबाईनं जागं झालेलं पिल्लू उचलून कडेवर घेतलं.

"महाराज, तुम्ही मला राखायला पिल्लू दिलं होतं का झाकण? झाकण राखणारं मानूस पायजे असंल तर विसाजीपंत हायत की. त्यांच्या झाकणाला ओरखडासुद्धा न्हाई."

राजानं आपल्या चावलेल्या बोटाकडे पाहिलं, विसाजीपंतांच्या चकचकीत मोहोरेकडे पाहिलं, आणि तो जो हसत सुटला तो सिंहासनावर रेलला. "तळ बघितला नाही आणि मोहोर मारत बसलो! माझ्याइतका शहाणा राजा शोधून सापडायचा नाही."

सुभेदार चिमाबाईच्या ओटीत आला आणि तिनं मागितल्याप्रमाणे बांबूचं बेट बुरूडआळीला खुलं झालं. राजा घोड्यावर बसता बसता थांबला. सुभेदारासाठी एक टोपली विणून घे, म्हणाला.

"घेते, महाराज," चिमाबाई म्हणाली, "पन शेजारणीकडून. सुभेदार राखायचाय न्हवं?"