पठार की पदक?

हॉब्लीसाहेब विलायतेहून आला तो सह्याद्रीत कॉफीचा मळा लावायला. त्याच वर्षी तो फौजेत कप्तान झाला आणि पुढे मुंबईच्या कौन्सिलात जाऊन बसला. सत्ता हाती येताच त्याने धनगरांच्या अख्ख्या पठाराला कुंपण घातलं. तक्रार कलेक्टरापुढे गेली.

"मी आलो तेव्हा हे पठार ओसाड होतं," साहेबाने शपथेवर सांगितलं. "माणूस सोडा, एक चूलही पेटत नव्हती!"

म्हातारी ठकूबाई कोकरे काठी टेकत पुढे आली. "सायेब, छातीवर काय चमकतंय ते?"

साहेब फुलला. "शौर्यपदक! आलो त्याच वर्षी, याच पठारावर, घनघोर लढाई जिंकली मी!"

"कुणाशी लढलात? कारवीच्या झुडपांशी?"

सगळी कचेरी हसली. ठकूबाई मात्र हसली नाही.

"माणसं होती म्हणाल, तर पठार आमचं. नव्हती म्हणाल, तर ते पदक काढून टेबलावर ठेवा."

साहेबाचा हात पदकावर गेला आणि तिथेच घट्ट बसला. कलेक्टराने लेखणी उचलली.

कुंपण काढण्याच्या हुकमाची शाई वाळण्याआधीच ठकूबाईच्या म्हशी पठारावरच्या डोहात डुंबत होत्या.