केसरची तिसरी कुपी

एका राज्यात फुले उमलत, पण वास देत नसत. राजाने धूम्रकेश मांत्रिकाला दरबारातून हाकलले, तेव्हा तो शाप देऊन गेला होता, ‘इथे जो गंध मोकळा होईल, तो पापणी लवायच्या आत नाहीसा होईल.’ तसेच झाले. गाई वासरांना ओळखेनात. तान्ही मुले आईच्या छातीला लागेनात. उःशाप एकच होता. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दरबारात गंध टिकवून दाखवायचा. संधी तीन, तिन्ही हुकल्या की शाप कायमचा.

केसर अत्तरवाली त्यासाठी झटता झटता तापाने गेली. मागे राहिला धाकटा भाऊ भिवा, आणि शापाआधी भरलेल्या तिच्या हातच्या तीन कुप्या, एकेकीत एक थेंब. बहिणीची राख निवते न निवते तोच भिवा दरबारात घुसला.

“महाराज, मी टिकवतो!”

“बहिणीला जमलं नाही, ते या उतावळ्याला जमणार!” उःशापाची परीक्षा पाहायला दरबारात परतलेला धूम्रकेश हसला.

भिवाने रागाने तिथेच बूच उपटले आणि थेंब वाटीत ओतला. मोगरा आला म्हणेपर्यंत गेलासुद्धा.

दुसरा थेंब त्याने चंदनाच्या भुकटीत मळला, गोळी केली आणि तिच्यावर डिंकाचा जाड थर लिंपला. गोळी दरबारात ठेवली. वास येईचना.

“काय रे, बोरं विकायला आणलीस?” धूम्रकेशाने खिजवले.

भिवाने मूठ आपटून गोळी फोडली. दुसराही गेला.

तो रानात पळाला. शेवटची कुपी फोडावी, एकदाच बहिणीचा वास छातीत भरून घ्यावा, मग राज्याचे काहीही होवो! त्याने हात उगारला.

“थांब रे बाळा.”

वर ढोलीचे तोंड चिखलाने लिंपले होते. फटीतून चोच दिसत होती. आत धनेशीण होती.

“माय, तुला कोणी कोंडलं?”

“मीच. दार उघडं ठेवलं तर साप पिलं खाईल, पुरतं लिंपलं तर ती उपाशी मरतील. म्हणून फटीपुरतं उघडं. धनी एकेक फळ देतो. वेळ आली की भिंत फोडायची. तुला वाट पाहता येते का?”

“नाही.”

“मग शीक.”

भिवाने तिसरा थेंबही चंदनाच्या भुकटीत मळला आणि त्याचे मोहरीएवढे कण केले. सगळ्यांना डिंकाच्या पाण्याचा एक हात दिला आणि सावलीत वाळवले. काही कण बाजूला काढून उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी दुसरा हात दिला. पुन्हा काही काढले, पुन्हा हात दिला. असे चाळीस दिवस. हात शिवशिवत, बहीण आठवे, तो थांबे.

एकेचाळिसाव्या दिवशी सूर्य उगवताच त्याने सगळे कण दरबारात ओल्या फडक्यावर पसरले. पातळ कातडीचे आधी विरघळले, मोगरा उठला.

“गेला!” धूम्रकेश ओरडला.

गेलाच. पण पापणी लवायच्या आत पुढचा कण उघडला. शाप एकेकाला गिळत होता, मागून दुसरा हजर होत होता. दुपारी मांत्रिकाने गरम वारा सोडला. फडके सुकू लागले, वास विरू लागला. तेव्हा राणी उठली. भुकेले बाळ काखेत धरून तिने ओंजळभर पाणी शिंपडले.

सूर्य बुडाला आणि मोगरा दरवळतच होता.

धूम्रकेशाची जटा धूर होऊन उडाली, खाली उरला टकला म्हातारा. राजाने त्याला बागेत पाणी घालायला ठेवले. राणीच्या मांडीवर बाळ चुटूचुटू पिऊ लागले.

“अजून एखादा कण आहे का?” राजाने विचारले.

“नाही महाराज. ती संपली.”

भिवा बाहेर आला. गल्लीत शेणाचा, धुराचा, कुणाकडे तरी लसणाच्या फोडणीचा वास होता. तो पायरीवर बसून पोटभर रडला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली.

त्या राज्यात ज्याचा गंध त्याला मिळाला, तसा ऐकणाऱ्यालाही मिळो.