खारीचं झाड भिंतीवर

बागेत जांभळीचं झाड होतं. झाडावर इटुकली खार राहायची.

सोसाट्याचा वारा आला. झाड पडलं. धाडकन!

खारीचं घर गेलं. खार गवतात बसून राहिली. आभाळ काळं. बाग गप्प.

बागेच्या भिंतीवर रेवाताई चित्र काढणार होती. सगळ्या गल्लीसाठी.

खार गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

“ताई, ताई, माझ्या झाडाचं चित्र काढ ना.”

“भिंत मळकी आहे गं. धुतली, तर काढीन.”

खार माळीकाकांकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

“काका, काका, भिंत धुवा ना.
ताई चित्र काढेना,
मला काही करमेना.”

“पाणी कुठंय? नळानं दिलं, तर धुईन.”

खार नळाकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

“नळा, नळा, पाणी दे ना.
काका भिंत धुईना,
ताई चित्र काढेना,
मला काही करमेना.”

“मला गंज चढलाय. तेल मिळालं, तर देईन.”

खार दुकानात सुगंधामावशीकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

“मावशी, मावशी, तेल दे ना.
नळ पाणी देईना,
काका भिंत धुईना,
ताई चित्र काढेना,
मला काही करमेना.”

“बाळ रडतंय बघ. हात रिकामा कुठंय? बाळ उगी राहिलं, तर देईन.”

“बाळा, बाळा, उगी राहा ना.
मावशी तेल देईना,
नळ पाणी देईना,
काका भिंत धुईना,
ताई चित्र काढेना,
मला काही करमेना.”

“माझा झोका झाडाला होता,” बाळ म्हणालं. “झाड पडलं. ऊं ऊं ऊं!”

“माझं घर झाडावर होतं,” खार म्हणाली.

ती बाळाजवळ बसली. बाळानं तिची मऊ शेपटी धरली. आणि बाळ उगी राहिलं.

मग मावशीनं तेल दिलं. काकांनी नळाला घातलं. करकर, करकर, भळभळ! नळानं पाणी दिलं. काकांनी भिंत धुतली. खसाखसा, खसाखसा! ताईनं खोड काढलं, फांद्या काढल्या.

“पानं?” खारीनं विचारलं.

“पानं सगळ्यांची,” ताई म्हणाली.

मावशीनं हिरव्या रंगात हात बुडवला. थप! काकांनी बुडवला. थप! गल्लीतली माणसं आली. थप, थप, थप! बाळाचं पान छोटं. खारीचं पान सगळ्यात छोटं.

खार भिंतीवर चढली. पानाला नाक लावलं. जांभळाचा वास नाही. पानं सळसळत नाहीत. भिंत गार.

खाली बाळ उभं होतं. त्यानं हात वर केले.

“खारूताई, आपलं झाड!”

“हो रे,” खार म्हणाली. “आपलं झाड.”

आणि ती तिथंच बसली, तिच्या पानाजवळ.