तीनशे घोंगड्यांचा हुकूम

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. राजाचं नाव आता कुणाला सांगता येत नाही, गावाचंही नाही. मायाप्पा नाईकाचं तेवढं येतं, कारण इतका घाबरलेला माणूस त्या मुलखात पुन्हा कुणी पाहिला नाही.

गाव घोंगड्या विणणाऱ्यांचं, आणि मायाप्पा त्या गावाचा नाईक. पंधरा माग होते. एका मागावर दिवसाला एक घोंगडी उतरू शकायची. बायका लोकर पिंजायच्या, सूत कातायच्या. गडी मागावर बसायचे. या दोन्हींच्या मधे एक काम होतं, ते मात्र कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मागावर चढवायचे उभे धागे, म्हणजे ताणा, आधी गल्लीत लांबलचक ताणून त्यावर चिंचोक्याची खळ लावायची आणि उन्हात वाळवायची. खळ नसली की धागे मागावर तटातट तुटतात. हे काम एकट्या यल्लूमावशीकडे होतं. एका घोंगडीला एक ताणा लागायचा, आणि तिच्याकडून दिवसाला सहाच निघायचे.

आणि गावाची एक रीत होती. दिवस मावळेपर्यंत कुणाचे हात रिकामे दिसता कामा नयेत. दिसले, की चावडीपुढे डोक्यावर दगड घेऊन उभं राहायचं. म्हातारं असो, आजारी असो, सुटका नाही!

एके दिवशी राजाने मायाप्पाला बोलावलं. फौज बर्फाच्या खिंडीतून पलीकडे जायची होती.

"पुढच्या पौर्णिमेला तीनशे घोंगड्या हव्यात," राजा म्हणाला. "जितक्या कमी पडतील, तितकी तुझ्या गावची माणसं घोंगडीवाचून खिंड चढतील. पहिला तुझा भाऊ."

आणि त्याने मायाप्पाच्या पाठच्या भावाला, सिदूला, तिथेच ठेवून घेतलं. त्या खिंडीतून घोंगडीवाचून परत आलेला माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता.

मायाप्पा घरी आला. सिदूला त्याने अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्याने हातात काठी घेतली आणि गावभर फिरायला लागला. "काता! पिंजा! हात थांबला तर खबरदार!"

बायका जीव मुठीत धरून कातायला लागल्या. सुताचे ढीग पडले. घरात मावेनात म्हणून गल्लीत आले. ते ढीग बघून मायाप्पाला जरा धीर यायचा. अहो, भ्यालेल्या माणसाला कशाचाही ढीग दिसला तरी बरं वाटतं!

पण गल्ली तर ताणा वाळवायची. जिथे रोज सहा ताणे सुकायचे, तिथे आता चारांनाही जागा उरली नाही. ताण्यावाचून आणखी माग थांबले, विणकर बसून राहिले. बसले की दगड. म्हणून मायाप्पाने त्यांनाही सूत कातायला लावलं. झालं, ढीग आणखी वाढले!

एका दुपारी यल्लूमावशी कढईपाशी बसली होती. खळ शिजत असताना तिच्यावर डोळा ठेवून बसावंच लागतं. मायाप्पाला दिसले ते नुसते रिकामे हात. तो खेकसला आणि त्या सत्तरीच्या बाईला त्याने दगड घेऊन उभं केलं. इकडे कढई करपली. मावशी परत आली, तर पुन्हा नवी खळ शिजवत बसायची तिची छाती होईना. तिने तीच करपलेली खळ गुपचूप ताण्याला लावली. ज्या विणकराकडे तो ताणा गेला, त्याच्या मागावर धागे तुटत राहिले. बोललो तर आपल्यावरच येईल म्हणून त्याने गाठी मारल्या आणि तयार झालेली घोंगडी चळतीत खाली सरकवली.

तेरा दिवस झाले. मायाप्पाने घोंगड्या मोजल्या. साठ!

तो धावत मागांकडे गेला आणि समोर दिसला त्या विणकरावर त्याने काठी उगारली. विणकराची बायको तुळजा आडवी आली.

"मारा, नाईक, मारा! पण यांनी विणायचं काय, वारा? ताणा कुठाय?"

काठी तशीच वर राहिली. मायाप्पा ताणा शोधत गल्लीत आला. यल्लूमावशी एकटी होती. चिंचोके तीच भाजत होती, तीच कुटत होती, पाणी तीच आणत होती, वाटेतले ढीगही तीच हलवत होती, आणि मग उरल्या वेळात ताण्यावर कुंचा फिरवत होती.

मायाप्पा मटकन खाली बसला. "मावशी, काय करू गं? सिदू जाईल माझा."

"आधी ती काठी ठेव," मावशी म्हणाली. "मग कातणं थांबव. सूत महिनाभर पुरेल एवढं पडलंय. गल्ली मोकळी कर. चार जणी चिंचोके कुटायला दे, दोघी पाण्याला, दोघी कुंच्याला. मी फक्त खळ बघते. रोजचे पंधरा ताणे देते तुला."

"आणि बाकीच्या बायका?"

"बसतील."

"राजाच्या माणसाने त्या बसलेल्या पाहिल्या तर?"

"अरे लेकरा, सूत काय अंगावर पांघरतात?"

सोळा दिवस हातात होते. पंधरा माग रोज चालले तर दोनशे चाळीस. साठ आणि दोनशे चाळीस, बरोबर तीनशे. एक माग एक दिवस जरी थांबला, तरी संपलं! मायाप्पाने काठी चुलीत घातली आणि मावशी म्हणाली तसं केलं.

चौथ्या दिवशी राजाचा स्वार आला. दारोदार बायका हात मांडीवर ठेवून बसलेल्या. त्याचे डोळे फिरले. "हुकूम असा पाळता? तुझ्या भावाला आजच खिंडीत हाकलायला सांगू का?"

मायाप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा सगळ्यांना चरख्याला जुंपावं, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण तो म्हणाला, "सरकार, बायका बघू नका. माग मोजा."

स्वाराने मोजले. पंधराच्या पंधरा चालू होते. त्याने घोडा वळवला. तो राजाला काय सांगणार, या धास्तीत मायाप्पाने पुढचे बारा दिवस काढले.

पौर्णिमेला तीनशे घोंगड्या राजवाड्यात पोचल्या. सिदू समोरच उभा होता. भावाला पाहून हसला तो! कारभारी एकेक घोंगडी दोन्ही हातांनी ओढून बघत होता. तळाची एक ओढली आणि ती टरकन फाटली. आत गाठीच गाठी. करपट वास आला, आणि तो वास कुठल्या दुपारचा, हे मायाप्पाने तत्काळ ओळखलं.

"दोनशे नव्याण्णव," कारभारी म्हणाला.

"महाराज, मला घ्या! चूक माझी आहे, त्याला सोडा!" मायाप्पाने राजाचे पाय धरले.

राजाने पाय सोडवून घेतले. "पहिला तुझा भाऊ, असं ठरलं होतं."

फौज उन्हाळ्यात परत आली. मायाप्पा वेशीवर उभा राहून शेवटचा शिपाई जाईपर्यंत तोंडं बघत राहिला. दोनशे नव्याण्णव जण पांघरुणासकट सुखरूप आले होते. सिदू त्यांत नव्हता.

म्हणून सांगतो, भीतीपोटी सगळ्यांना धावायला लावण्यापेक्षा काम कुठे अडलंय ते आधी बघावं आणि पहिला हात तिथे लावावा.